खालच्या घरांची चौकशी

चूक करायचीच असेल तर माणसाने परक्याच्या घरी करावी. तिथे मान खाली घालून माफी मागता येते आणि पुन्हा त्या दारात जायची वेळ येत नाही. पण या पठ्ठ्याने चूक केली ती सख्ख्या आत्याच्या घरी. तीही चहा पिता पिता, हसत हसत, आणि वर शाबासकी घेऊन.

पठ्ठ्या म्हणजे डोंगर तपासणारा माणूस. उतारावर कुणाला रस्ता करायचा असो, पाण्याची टाकी बांधायची असो, आधी याला बोलवावं लागे. हा गिरमीट घेऊन जायचा, कंबरभर खोल भोकं पाडायचा, आतली माती चिमटीत धरून चोळायचा आणि मग सांगायचा, इथे बांधा किंवा इथे अजिबात बांधू नका. कचेरीत सगळे त्याला साहेब म्हणत. आत्या मात्र बंड्या म्हणे. पन्नाशी उलटली, टक्कल पडलं, तरी बंड्याच. आपणही बंड्याच म्हणू, कारण ही गोष्ट साहेबाची नाहीच.

त्या उन्हाळ्यात त्याच्याकडे दाताचा डॉक्टर आला. दाताचा डॉक्टर हा तिथल्या सायकल क्लबचा अध्यक्ष. दिवसभर लोकांच्या तोंडात वाकून वाकून पाठ आखडली की रविवारी सायकल घेऊन डोंगरात धुडगूस घालायचा, हा त्याचा नेम. त्याला डोंगराच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंत सायकलींसाठी एक नागमोडी वाट करायची होती. परवानगी हवी तर उतार तपासून घ्या, असं त्याला सांगितलं गेलं होतं.

"साहेब, किडका भाग कुठे आहे तेवढं दाखवा," डॉक्टर म्हणाला. "तिथे मी हात लावणार नाही. बाकीचं कोरायला मोकळा."

"डॉक्टर, दाताला मूळ किती खोल हे तुम्हाला फोटोत दिसतं. मला भोकं पाडावी लागतात. तीन आठवडे द्या."

बंड्या कामाला वाघ. त्याने स्वतःचा एक तक्ता केला होता, नऊ रकान्यांचा. उताराचा कोन, मातीचा थर, पाणी कुठून येतं आणि कुठे जातं, झाडांचे बुंधे सरळ की वाकलेले, असं करत करत शेवटचा रकाना होता 'खालच्या घरांची चौकशी'. या शेवटच्या रकान्याचा त्याला कोण अभिमान! नव्या माणसांना तो कचेरीत उभं करून शिकवायचा. "डोंगर आतून सरकत असेल तर वरून काही दिसत नाही. पायथ्याच्या घरांना आधी कळतं. दारं अडकतात, खिडक्या मिटत नाहीत, फरशीला बारीक भेग जाते. लोकांना विचारा. लोक म्हणतील, काही नाही हो. तरी ऐकू नका. प्रत्येक दार स्वतः उघडून लावून बघा." एकदा एकाने दारं न बघता रकाना भरला, तर बंड्याने त्याला सगळ्यांसमोर असा फैलावर घेतला की बिचारा दोन दिवस डबा खायला खाली जिन्यात एकटाच बसला.

या डोंगराच्या पायथ्याला पाच घरं होती, एका ओळीत. चार घरं त्याने नियमाने तपासली. पहिल्या घरात बेकरीवाला राहायचा, बायको आणि दोन मुली घेऊन. तिथे बंड्याने अकरा दारं-खिडक्या उघडून पाहिल्या. बेकरीवाल्याची बायको म्हणाली, "साहेब, घर विकत घ्यायचंय की काय?" सगळं ठीक होतं. उरलेल्या तीन घरांतही ठीक होतं.

पाचवं घर आत्याचं. ते त्याने मुद्दाम शेवटी ठेवलं. म्हणजे काम संपवून निवांत बसता येईल, हा हिशेब. आणि इथेच घोड्याने पेंड खाल्ली, कारण चार घरांत जो तपासणारा माणूस शिरला होता, तो पाचव्या घराच्या उंबऱ्याबाहेर गिरमिटासोबत उभा राहिला. आत गेला तो भाचा.

"ये. बस आधी. किती वाळलास रे," आत्या म्हणाली.

"आत्या, पट्टा पुरेना म्हणून मागच्याच महिन्यात टोकाकडे नवीन भोक पाडलंय."

"असू दे. चेहरा उतरलाय."

आत्या एकटी राहायची. मूलबाळ नव्हतं. शिवणकाम करायची; पँटी आखूड करणं, चेन बदलणं, उसवलेलं नीट करणं. काका, म्हणजे तिचे यजमान, वर्षापूर्वी गेले होते. काका सुतार. साधेसुधे नव्हेत, काटकोनाचे वेडे. दुसऱ्याच्या घरी पाहुणे म्हणून गेले तरी खिशातला छोटा गुण्या काढून चौकटीला लावून बघत आणि आत्या त्यांना डोळे वटारून बसवत असे. एका सकाळी चहाचा कप हातात असताना झटका आला, आणि तिसऱ्या दिवशी सगळं आटोपलं. घराचं मागचं दार त्यांनीच केलेलं, जायच्या आठ महिने आधी. त्यांचं शेवटचं मोठं काम.

चहा झाला तशी आत्या म्हणाली, "जाता जाता ते मागचं दार बघतोस का? जरा धरतं. खांदा लावावा लागतो मला."

आता बघा. हेच वाक्य बेकरीवाल्याने उच्चारलं असतं तर बंड्याचे कान टवकारले असते. पण आत्याने दार अडकतं म्हणणं म्हणजे कामाची गोष्ट नव्हे, ती घरची गोष्ट. घरची गोष्ट असली की आपण बाह्या सरसावतो. त्याने काकांच्या पेटीतून रंधा काढला, दार बिजागरीतून उतरवलं आणि अंगणात आडवं ठेवून तासायला बसला. वरच्या कडेला एका टोकाला चांगलं बोटभर लाकूड काढावं लागलं. दुसऱ्या टोकाला काहीच नाही. म्हणजे चौकट एका बाजूला कलली होती. डोळ्यांसमोर, हातात, बोटभर जाडीचा पुरावा! आणि दिवस कुठले, तर भर उन्हाळ्याचे, जेव्हा लाकूड आकसतं, फुगत नाही. हे त्याला ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल?

तो काय म्हणाला ऐका. "काय गं आत्या, काकांनी दार तिरकं केलं की! जन्मभर लोकांचे काटकोन काढले आणि घरच्याच दाराला हात हलला होय?"

आत्या कप विसळत होती. ती थांबली. "तिरकं आहे?"

"चांगलं बोटभर."

"त्यांनी तिरकं केलं?"

"मग काय मी? हे बघ ना."

आत्याने बघितलं नाही. जरा वेळाने म्हणाली, "असेल बाबा." आणि त्याच्या कपात आणखी अर्धा कप चहा ओतला. दार बसवलं, बोटाने ढकललं तरी मिटायला लागलं. आत्याने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. गाडीत बसून बंड्याने तक्ता काढला आणि पाचव्या घरापुढे लिहिलं, 'तक्रार नाही'.

अहवाल मोठा झकास झाला. चाळीस पानांचा, आणि त्यातली तीस पानं मातीच्या झिजेवर. सायकलवाले वळणावर ब्रेक दाबतात, तिथे चाकाने चर पडतो, चरात पाणी शिरतं, पाणी माती घेऊन जातं आणि दोन पावसांत वाटेचा ओढा होतो. म्हणून वाट बाहेरच्या बाजूला किंचित उतरती ठेवा, दर वीस पावलांवर पाणी बाहेर काढा, वळणांवर दगड बसवा, आणि पाऊस लागला की वाट बंद ठेवा. सगळं अचूक. फक्त बाहेर काढलेलं पाणी सोडायचं कुठे, हा प्रश्न होता. बंड्याने त्याला उत्तर दिलं. उजवीकडे एक खोलगट भाग आहे, तिथे गवत दाट आहे, माती वाहून जाणार नाही, पाणी तिथे जिरवा. तो खोलगट भाग आत्याच्या घराच्या बरोबर वर होता. डोंगर शांत असता तर सल्ला उत्तम होता. आणि डोंगर शांत आहे असं तक्त्यातला नववा रकाना सांगत होता.

वाट झाली. गर्दीही झाली. डॉक्टर खूश, बेकरीवाल्याचे पाव दुपारपर्यंत संपायला लागले, आणि आत्याकडे आपटलेल्या मंडळींच्या फाटलेल्या चड्ड्या येऊ लागल्या. "तुझ्या वाटेने मला धंदा दिला रे," ती फोनवर हसायची.

पुढच्या वर्षी पावसाने पाच दिवस उसंत घेतली नाही. वाट बंद होती, माती कुठेही वाहिली नाही, दगडी वळणं जागच्या जागी होती. पाणी सांगितलं तसं त्या खोलगटात गेलं आणि जिरलं. सहाव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास डॉक्टरचा फोन आला. "साहेब, लवकर या. आत्या सुखरूप आहेत, आधी ते सांगतो. पण या."

आत्या पुढच्या खोलीत मशीनवर बसली होती म्हणून वाचली. मागचा उतार घराच्या आत आला होता. स्वयंपाकघर नव्हतंच. ती बेकरीवाल्याच्या ओट्यावर, कुणाची तरी शाल पांघरून बसली होती, आणि तिच्या हातात अजून कुणाची तरी अर्धवट शिवलेली पँट होती. बंड्याला बघून म्हणाली, "अरे, गिऱ्हाइकाची पँट तेवढी वाचली."

तो वर चढला. वाट सोडून उजवीकडे साठ-सत्तर पावलांवर, झुडपांच्या आड, त्याला भेग सापडली. अर्धवर्तुळाकार, हात घालावा एवढी रुंद. तिच्या काठावर जुनं गवत होतं आणि आतून एक झुडूप वर आलं होतं, कंबरेएवढं. एका पावसात झुडूप कंबरेएवढं होत नाही. भेग तीन-चार वर्षांची तरी होती. डोंगर कधीपासूनच सावकाश सरकत होता, आणि बंड्याने त्याला वरून पाणी पाजलं होतं. तेव्हा त्याला दार आठवलं. बोटभर एका टोकाला, दुसऱ्या टोकाला काहीच नाही. तो तिथेच चिखलात बसला.

त्याने कुणाला सांगितलं? कुणालाच नाही. आत्याला स्वतःच्या घरी नेलं, तिला खिडकीजवळची खोली दिली, बायकोला म्हणाला तिला काही लागलं तर बघ. आठवडाभर आत्या त्याच्यासमोर जेवत होती, त्याला वाढत होती, आणि हा मूग गिळून बसला होता. रोज सकाळी ठरवायचा, आज सांगू. चौकशी होणारच आहे, तिथेच रीतसर सांगू, असं म्हणून रोज संध्याकाळी स्वतःलाच सूट द्यायचा. भित्रेपणाला माणूस रीतसर म्हणायला लागला की समजावं, तो चांगलाच घाबरलेला आहे.

चौकशी तिथल्याच शाळेच्या सभागृहात झाली, दुपारी. त्या दिवसापासून घराबाहेर काढलेली उरलेल्या चार घरांतली माणसंही आली होती. वरून एक अधिकारी बाई आल्या होत्या. मोजकं बोलणाऱ्या, पण कुणालाही घाईत न उरकणाऱ्या. त्यांनी सुरुवातीलाच समजावून सांगितलं. "उतार आधीपासून सरकत असेल तर दोष खोल आहे, आणि पाचही घरं कायमची रिकामी करावी लागतील. पण उतार शांत होता आणि फक्त वाटेच्या पाण्याने वरचा थर सैल झाला असेल, तर पाणी दुसरीकडे वळवू, भिंत घालू, आणि चार घरांतली माणसं या आठवड्यात परत जातील." बेकरीवाल्याने बायकोकडे पाहिलं. त्यांच्या घराला ओरखडासुद्धा नव्हता.

आत्या मागच्या रांगेत बसली होती, पिशवी मांडीवर घेऊन. शेजारची कुणीशी तिच्या कानाशी लागली, "तुमच्या भाच्याचं काही खरं नाही हो. लायसन जाणार म्हणतात." आत्याने पिशवीचे बंद घट्ट धरले.

तिचं नाव पुकारलं गेलं. ती पुढे जाऊन खुर्चीत बसली.

"आजी, वाट व्हायच्या आधी घरात काही जाणवायचं का? भिंतीला भेग, दारं अडकणं?"

"नाही," आत्या ताडकन म्हणाली.

"एखादं दारसुद्धा नाही?"

"बाई, माझ्या घराला कसलीही तक्रार नव्हती. माझा भाचा स्वतः येऊन बघून गेलाय. त्याचं काम चोख असतं."

बाई लिहायला लागल्या. बेकरीवाल्याचा जीव भांड्यात पडलेला दिसत होता. त्याची मोठी मुलगी शेजारी बसून त्याची बाही ओढत होती. बंड्याने त्या मुलीकडे पाहिलं. हे असंच कागदावर उतरलं तर त्याचं लायसन वाचणार होतं, आणि पुढच्या पावसात त्या पोरी डोंगराखाली झोपलेल्या असणार होत्या. तो उठला.

"आत्या खरं सांगत नाहीये. मागचं दार अडकत होतं. मागच्या वर्षी, उन्हाळ्यात. मीच ते तासलं."

आत्या खुर्चीतच वळली. "बंड्या, गप्प बस."

"वरच्या कडेला बोटभर, एका टोकाला. चौकट कलली होती. मी ते पाहिलं आणि तक्त्यात 'तक्रार नाही' लिहिलं. ते लिहिलं नसतं तर मी वर जाऊन शोधलं असतं आणि भेग सापडली असती. पाणी तिथे सोडायला मी सांगितलं. डॉक्टरांनी मी सांगितलं तेवढंच केलं. पाचही घरं हलवा, बाई. एकालाही परत पाठवू नका."

मग जे व्हायचं ते झालं. बेकरीवाला उठून अंगावर आला. "आठवडाभर तोंडाला कुलूप घातलं होतं का? आम्ही काल भिंती पुसून आलो!" डॉक्टरने त्याला आवरलं, पण बंड्याकडे बघितलं नाही. बाईंनी त्याचा जबाब नव्याने लिहून घेतला, सही घेतली, आणि लायसन निकाल लागेपर्यंत राहू द्या माझ्याकडे, म्हणाल्या. त्याने पाकिटातून काढून दिलं. त्याचं त्याला काही वाटलं नाही.

बाहेर व्हरांड्यात लांब बाक होता. आत्या तिथे बसली होती. तो तिच्याजवळ, पण जरा अंतर ठेवून बसला.

"आत्या, तुझं घर माझ्यामुळे गेलं."

"घराचं राहू दे," ती म्हणाली. "मला एक सांग, नीट सांग. तू आत म्हणालास, चौकट कलली होती."

"हो."

"दार नाही?"

"दार नाही. डोंगराने घर ढकललं, म्हणून चौकट कलली."

"म्हणजे दार सरळ होतं."

"अगदी काटकोनात. काकांचंच काम ते."

"बंड्या, मला बरं वाटावं म्हणून बोलत असशील तर नको बोलूस."

"शपथ घेऊन सांगतो. त्यांनी दार सरळच केलं होतं."

घर चिखलात गेलं तेव्हा जिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, तिच्या गालांवरून आता पाणी वाहायला लागलं आणि तिने ते पुसलंही नाही.

"तू म्हणालास, त्यांचा हात हलला," ती म्हणाली. "मी त्या दिवसापासून मोजतेय. दार केलं आणि आठ महिन्यांनी झटका आला. मी म्हटलं, म्हणजे आठ महिने त्यांचा हात हलत होता. दुखणं तेव्हाच आत शिरलं होतं. आणि मी रोज त्या हातात कप देत होते, रोज त्या हाताकडे बघत होते, आणि मला दिसलं नाही. तेव्हाच डॉक्टरकडे नेलं असतं तर माणूस वाचला असता. सव्वा वर्ष झालं बंड्या, रोज सकाळी उठले की आधी हेच."

घराचा, लायसनचा, बेकरीवाल्याच्या पोरींचा, सगळा जाब बंड्याने मनात तयार ठेवला होता. या सव्वा वर्षाचं काय करायचं हे त्याला कळेना.

"अगं, मग मला विचारायचंस तरी," तो म्हणाला. "एक फोन करायचास. मी चेष्टेत बोललो होतो गं."

आत्याने त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"तुला काय विचारायचं?" ती म्हणाली. "तपासणं हाच तुझा धंदा. तू बोललास म्हणजे बघूनच बोलला असशील."